हातभर तांबडी वेणी

गुरुवार, १९ फेब्रुवारी १९९८. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चंपाबाई बंडगर आमच्या कचेरीचा जिना चढून आल्या आणि त्यांनी माझ्या टेबलावर वजनकाटा ठेवला.

कचेरी म्हणजे नागठाणच्या बाजारपेठेत पाइपांच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन आणि मी. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि तालुक्याच्या बातम्या देत होतो. चंपाबाई साठीच्या आतबाहेर असाव्यात. हिरवं लुगडं, पदर कपाळावर भुवयांपर्यंत ओढलेला, कडेवर तीन वर्षांची मुलगी. मुलीला मी लगेच ओळखलं. दोन दिवसांपूर्वी तिचा फोटो आमच्या पहिल्या पानावर होता.

"रणभिसे पेपरवालं तुमीच का?"

"हो."

"खिळा कुठाय?"

"कसला खिळा?"

"काटा अडकवायला."

दाराच्या चौकटीवर कॅलेंडरचा एक दणकट खिळा होता. त्यांनी कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि काटा टांगला. अंगणवाडीत असतो तसाच होता. वर घड्याळासारखी गोल तबकडी आणि खाली मुलाला बसवायची कापडी झोळी. मुलगी सवयीनं झोळीत पाय घालून बसली आणि झोके घ्यायला लागली.

"मैने, हलू नगं. हां, वाचा."

मी वाचलं. तेरा किलो दोनशे ग्रॅम.

"वय तीन वरसं दोन म्हैनं. आता तुमच्या पेपरात काय लिवलंय त्ये वाचा. मोठ्यांदा."

त्यांनी ओटीतून घडी घातलेला अंक काढला. मी लिहिलेलं मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. 'सेविकेच्याच घरात कुपोषण. शेंदूरवाडीतील प्रकार.' आणि फोटोखाली: 'अंगणवाडी सेविका कमल बंडगर यांची मुलगी. तांबडे पडलेले केस कुपोषणाची साक्ष देत आहेत.'

"दावा बरं तांबडं केस ह्या फोटूत."

फोटो कृष्णधवल होता. आमचा सगळाच अंक तेव्हा कृष्णधवल असायचा. मैनाचे केस त्यात राखाडी दिसत होते, गावातल्या इतर कुठल्याही मुलीचे दिसले असते तसे.

"ह्यात काय बी कळत न्हाय," चंपाबाई म्हणाल्या. "तांबडं हायेत, ह्ये तुमीच सांगितलं समद्या जिल्ह्याला."

मैना झोळीतून म्हणाली, "आज्जी, अजून झोका."

बातमी कशी झाली ते सांगायला हवं. आदल्या शनिवारी मी शेंदूरवाडीला पाण्याच्या टाकीची बातमी करायला गेलो होतो. टाकीचं काम बंद होतं, सरपंच गावात नव्हते, परतीची एसटी एक वीसला होती. मेंढ्यांच्या वाड्याशेजारी एक मूल नुसत्या झबल्यावर धुळीत बसलं होतं. हातात भाकरीचा तुकडा, तोंडावर माश्या, आणि डोक्यावर तांबूस केस. महिन्याभरापूर्वी तालुक्यात पत्रकारांसाठी कुपोषणावर एक व्याख्यान झालं होतं. त्यातलं एक वाक्य माझ्या वहीत होतं: 'केस तांबडे, निस्तेज होतात.' मी फोटो काढला. वाटेनं जाणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, घर कुणाचं? तो म्हणाला, अंगणवाडीच्या बाईंचं. मथळा मला तिथेच सुचला. मजकूर मी एसटीत लिहिला आणि रोलचं पाकीट तीनच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं. अंगणवाडी त्या वाड्यापासून दिसत होती. कमल तेव्हा आत मुलांना खिचडी वाढत होती आणि सगळ्या मुलांच्या वजनांचं रजिस्टर तिच्या कपाटात होतं. मी तिकडे गेलो नाही. ते अंतर मी नंतर मोजलं. दोनशे ऐंशी पावलं.

"कमल तुमची सून?" मी विचारलं.

"सून हाय, आन माज्या भावाची लेक बी हाय. माज्या बिरूला मामाचीच पोरगी केलीया. मला आत्याच म्हनती." त्यांनी मैनाला झोळीतून उचललं. "काल कागूद आला. उद्या अकराला तालुक्याच्या हापिसात बलिवलंय. तवर अंगणवाडी उघडायची न्हाय. चावी घिऊन ग्येलं. सात वरसं झाली तिला कामावर. गावातलं एक बी पोरगं अशक्त न्हाय. आन तुमी तिच्याच पोरीला उपाशी ठरीवलं."

"हा काटा?"

"अंगणवाडीतला. कुलूप लावायच्या आदीच काटा आन रजिस्टर घरी आनलं."

"सरकारी काटा असा आणता येत नाही."

"सरकारला चावी न्हेता येती, मला काटा आनता येत न्हाय व्हय?"

मी म्हणालो, मला वाटतं माझी चूक झाली. त्या म्हणाल्या, "तुमाला वाटून काय करू? त्या सायबाला वाटाया पायजे."

त्याला कागद लागणार होता. आम्ही बाराच्या सुमारास डॉ. नसीमा मुल्ला यांच्या दवाखान्यात गेलो. लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून तालुक्यात त्या एकट्याच होत्या. ते व्याख्यानही त्यांचंच होतं. मंगळवारचा अंक त्यांच्या टेबलावर होता.

"या रणभिसे. मी त्या दिवशी पाच खुणा सांगितल्या होत्या. बाकीच्या चार कुठे गेल्या?"

मी वही काढली. त्या पानावर एकच वाक्य होतं. उरलेल्या चार खुणा त्या सांगत असताना मी फोन करायला बाहेर गेलो होतो.

डॉक्टरांनी मैनाचा दंड मोजला, पाय दाबून पाहिले, डोळे पाहिले, पोट पाहिलं. मग तिच्या केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली.

"आई गं! ओढू नगं की!" मैना ओरडली.

"शाब्बास. उपाशी मुलाचा केस असा ओढला की हातात येतो. आणि ते मूल ओरडतही नाही. आणि हे बघा." त्यांनी बट खिडकीशी धरली. "मुळापासून टोकापर्यंत एकच रंग. कुपोषणात चांगले दिवस-वाईट दिवस केसावर पट्ट्यांसारखे उमटतात. इथे एकही पट्टा नाही. चमक बघा. हा रंग अंगचा आहे. आजार नाही, काही नाही."

"अंगचा म्हणजे?" मी विचारलं. या वेळी मी लिहून घेत होतो.

"केसाच्या मुळाशी रंग तयार होतो. दोन तऱ्हांचा. एक काळसर, एक तांबूस. कुठला किती करायचा हे ठरवणारं जे जनुक असतं, त्याच्या प्रत्येक माणसाकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोनातली एक जरी काळा करणारी असली तरी केस काळे होतात. दोन्ही तांबूस करणाऱ्या एकाच पोरात आल्या, तरच असे. आईबाप दोघंही काळ्या केसांचे असतील आणि दोघांच्याही आत एकेक तांबूस प्रत दडलेली असेल."

मला हे दोनदा विचारावं लागलं. चंपाबाईंना नाही.

"कळलं," त्या म्हणाल्या. "काळ्या मेंढीला काळाच नर दावला तरी येकांद्या साली तांबडं कोकरू पडतंय. आमी म्हनतो, मागचा कुनाचा तरी रंग उचलला."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाल्या. "आणि नर त्याच कळपातला असला तर?"

"मग जास्त पडत्यात."

"मामाच्या मुलीशी लग्न केलं की तसंच होतं. एकाच माणसाकडून आलेली प्रत दोन वाटांनी फिरून एका पोरात भेटते." त्या चंपाबाईंकडे बघत होत्या. "म्हणजे मागे कुणीतरी असणार. तुमच्या माहेरी होतं का कोणी असं? तुमचे वडील? आजी?"

चंपाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "म्या तर कुनी बघितलं न्हाय."

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, नाडी बघायची असल्यासारखा. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक तांबूस ठिपके होते. मी ते पाहिले. लिहून घेतले नाहीत. डॉक्टरांनीही काही न बोलता हात सोडला आणि दाखला लिहायला घेतला. 'बालक सुदृढ. केसांचा रंग उपजत.'

एसटीच्या थांब्यावर मी मैनाला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. चंपाबाईंनी तो परत माझ्या हातात ठेवला.

"र्‍हाऊ द्या. कुनी बघितलं तर म्हनंल, पोरगी खरंच उपाशी हाय."

गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून विचारलं, "उद्या येनार न्हवं तुमी?"

"येतो."

"आन बोलनार?"

"बोलतो."

संध्याकाळी मी संपादकांना फोन केला. कुंभोजकर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "खुलासा छापू. पण तिथे उभं राहून चूक कबूल करू नकोस. आपण चुकलो असं तू कार्यालयात बोललास तर ते कागदावर येतं." मी बरं म्हणालो.

शुक्रवारी अकरा वाजता तालुक्याच्या बालविकास कार्यालयात उगले साहेबांच्या टेबलासमोर बंडगरांचं घर उभं होतं. कमल पुढे. बारीक, उंच, डोळे रडून सुजलेले, पण निळ्या साडीच्या निऱ्या इस्त्रीच्या. हातात वजनांचं रजिस्टर. तिच्या मागे तिचा नवरा बिरू, गप्प माणूस, मैनाला खांद्यावर घेऊन. भिंतीला टेकून चंपाबाईंचे मालक धोंडिबा, पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. चंपाबाई सर्वांत मागे, पोटाशी एक गाठोडं धरून.

उगले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या पुढ्यात आमच्या बातमीचं कात्रण होतं आणि त्यावर वरच्या कार्यालयाचा शेरा होता: तात्काळ अहवाल सादर करावा.

कमलने रजिस्टर उघडलं. "सर, मैनाचं दर महिन्याचं वजन आहे. एकदाही खाली गेलेलं नाही."

"रजिस्टर तुम्हीच लिहिता ना बाई?"

"हो."

"मग त्याला काय अर्थ?"

मी पुढे झालो. "साहेब, बातमी मी लिहिली. मी अंगणवाडीत गेलो नव्हतो. वजन पाहिलं नव्हतं. यांच्याशी बोललो नव्हतो. केसांचा रंग बघून लिहिलं."

उगले साहेबांनी लेखणी थांबवली. "हे लिहू का?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग डॉक्टरांचा दाखला दोनदा वाचला.

"उपजत म्हणजे काय? आईचे केस काळे. बापाचे काळे. मग पोरीचे आले कुठून?"

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगायला लागलो. दोन प्रती, एक आईची, एक बापाची. त्यांनी हात वर केला.

"मला पटेल हो. पण मला वर लिहायचंय. घराण्यात दुसरं कोणी असेल तर लिहितो, आनुवंशिक. कोणीच नसेल तर उपजत हा शब्द मी लिहिला की लोक काय अर्थ काढतील?" त्यांनी आवाज खाली आणला, पण खोली लहान होती. "गावातून काल दोन निनावी पत्रं आलीत. त्यात पोरीच्या केसांबद्दल वेगळंच लिहिलंय. मी ती फाडून टाकलीत. पण लिहिणारे थांबणार नाहीत."

कमलने रजिस्टर मिटलं. बिरूची मान खाली गेली. मैनाने त्याच्या कानात विचारलं, "दादा, घरी कवा जायाचं?"

"घराण्यात कोणी आहे का?" उगले साहेबांनी पुन्हा विचारलं. "एकदाच विचारतो."

"म्या हाय," मागून आवाज आला.

चंपाबाई पुढे आल्या. त्यांनी टेबलावरचे कागद कोपराने बाजूला सारले, गाठोडं ठेवलं आणि सोडलं. आत एक जुनं धोतराचं फडकं, त्याच्या आत कडुनिंबाचा सुकलेला पाला, आणि पाल्यात केसांची एक वेणी. हातभर लांब, दोन्ही टोकांना काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली. खिडकीतून ऊन येत होतं. चिंचेनं घासलेली तांब्याची कळशी उन्हात ठेवावी तशी ती वेणी दिसत होती.

"ही माजी."

त्यांनी वेणी उगले साहेबांच्या पुढ्यात सरकवली.

"अकरा वरसांची व्हते. मुदतीचा ताप आला. केस गळाया लागलं तवा आयनं कापलं. केसावर भांडी देनारी बाई दारात आली, म्हनली, असलं सोन्यासारखं केस हायेत, पितळंचं घंगाळ देते. आय न्हाय म्हनली. फडक्यात बांधून ठिवलं. पुन्यांदा केस आलं ते बी तांबडंच. मग मला बघाया पावणं येनार व्हतं, तवा आयनं लोखंडाच्या कढईत आवळा आन माका उकळून डोस्क्याला चोळला. म्हनली, लोकं म्हनतील पोरीला खायाला घातलं न्हाय. तवापासनं दर पंध्रा दिसानं लावतीया. आय ग्येली तरी लावतीया. आता खाली समदं पांढरं झालंय. डोस्कं दावून उपेग न्हाय, म्हनून ह्ये आनलं."

त्या कमलकडे वळल्या.

"मैना झाली त्याच दिशी मला कळलं व्हतं, कमळे. तू म्हनलीस, आत्या, जावळ काढलं की काळं येतील का? म्या म्हनलं येतील. खोटं बोलले. तू म्हनलीस, माका लावूया का? तवा म्या न्हाय लावू दिला. त्येवढं म्या बरूबर वागले. पर तुला सांगाया पायजे व्हतं."

"आत्या," कमल म्हणाली, आणि तिने त्यांचा दंड धरला.

चंपाबाईंनी आता भिंतीशी उभ्या धोंडिबांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. त्यांचा हात वेणीवर होता.

"मालक, तुमास्नी फसीवलं."

धोंडिबांनी घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"कधी?"

"लगीन झाल्यापास्नं."

"आगं," धोंडिबा म्हणाले, "पदर कपाळापत्तुर घेतलास तरी उशीला काळं लागतंयच की. लगीन झालं त्याच म्हैन्यात कळलं मला. आन व्हड्याकाठचा माका इतकी वरसं कोन आनून ठिवतंय परसात? आपोआप उगवतुय व्हय तुज्या पाट्यावर?"

"म्या समजत हुते, सासूबाई आनत्यात."

"आय तर तुज्या लग्नाच्या तिसऱ्या साली ग्येली."

उगले साहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ते उठले, वेणी फडक्यासकट उचलली आणि बिरूला म्हणाले, "मुलीला इकडे आणा."

त्यांनी वेणी मैनाच्या डोक्याशेजारी धरली. एकोणीसशे एकावन्न सालचे केस आणि त्या सकाळचे केस. वेणी कुठे संपते आणि मुलगी कुठे सुरू होते हे मला, मी दोन हात अंतरावर उभा असूनही, सांगता आलं नसतं. मैनाने वेणीचं टोक पकडलं आणि सोडेना.

"ही कुनाची?"

"तुजी," चंपाबाई म्हणाल्या.

अहवालात 'आनुवंशिक' हा शब्द गेला. त्याच दिवशी तीन वाजता कमलला चावी परत मिळाली. वजनकाट्याबद्दल उगले साहेबांनी काही विचारलं नाही. मी तो शनिवारी माझ्या सायकलीवरून अंगणवाडीत पोहोचवला. पावलं मोजली ती तेव्हाच.

आमचा खुलासा रविवारी आठव्या पानावर आला. पाच ओळी, फोटो नाही. कबुलीबद्दल कुंभोजकर साहेब फोनवर बराच वेळ बोलले. मला सहा महिने पहिल्या पानावर नाव मिळालं नाही. खुलाशाचं कात्रण घेऊन शेंदूरवाडीला जायला मला मे महिना उजाडला. चंपाबाई दारात बसल्या होत्या. डोक्यावर पदर नव्हता. टाळूवर दोन बोटं पांढरं उगवलं होतं आणि खाली जुनं काळं होतं.

कमलने कात्रण वाचून दाखवलं.

"बास?" चंपाबाई म्हणाल्या. "वंगाळ लिवताना निम्मं पान, आन चांगलं लिवताना यवढंच?"

"आत्या, त्यांनी तिथं कबूल केलं की."

"केलं. म्हनून तर च्या टाकलाय."

चहा पिऊन झाल्यावर मी कॅमेरा काढला. या वेळी नागठाणच्या स्टुडिओतून रंगीत रोल घेतला होता, माझ्या खर्चानं. त्या फोटोत चंपाबाई मध्ये आहेत, अर्धं डोकं पांढरं, अर्धं काळं. मांडीवर मैना, मैनाच्या हातात वेणी. मागे धोंडिबा उभे आहेत आणि कॅमेऱ्याकडे न बघता बायकोकडे बघत आहेत. तो फोटो कुठे छापून आला नाही. त्यांच्या भिंतीवर आहे, आणि एक प्रत माझ्याकडे.

नंतर शेंदूरवाडीला जायला मला कधी बातमी लागली नाही. धोंडिबा दोन हजार अकरामध्ये गेले. कमल अजून अंगणवाडीत आहे, आता तिच्याकडे दुसऱ्या वस्तीचीही जबाबदारी आहे. नव्या सेविकांना ती पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगते: आधी वजन, मग नजर. मैनाने केस कधी काळे केले नाहीत. शाळेत तिला चिडवायचे. चंपाबाईंनी मुख्याध्यापकांना वेणी दाखवली होती, असं ऐकलं. वेणी दाखवायची सवयच लागली होती त्यांना. लग्नकार्यात बायका मागून घेत आणि त्या फडकं सोडत.

मैना रक्त तपासायचं काम शिकली. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिथल्याच निखिल वानखडेशी तिने लग्न केलं. नातं नाही, गोत नाही, मुलूखही दूरचा. लग्नात चंपाबाई खुर्चीवर बसून होत्या, डोकं पूर्ण पांढरं, पदर खांद्यावर.

"आता काय न्हाय व्हायाचं तांबडं," त्या मला म्हणाल्या. "कळपच दुसरा."

मैना म्हणाली, "आज्जी, त्यांच्यातही एखादी प्रत दडलेली असू शकते. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. मी निखिलच्या घरी सगळ्यांना विचारलं."

"काय म्हनली?"

"सगळे म्हणाले, आमच्यात कुणीच नाही. त्याची आजी काही बोलली नाही. तिने नुसता पदर पुढे ओढला."

चंपाबाईंनी मंडपाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या त्या म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं.

हे तीन वर्षांपूर्वीचं. परवा, रविवारी सकाळी सात वाजता कमलचा अकोल्याहून फोन आला. मैना सहा वाजून दहा मिनिटांनी बाळंत झाली. मुलगी. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. ते कमलने आधी सांगितलं. दोघी बऱ्या आहेत. चंपाबाई चौऱ्याऐंशीच्या, शेंदूरवाडीलाच आहेत आणि त्यांनी फडकं उन्हात घातलंय.

"आणि केस?" मी विचारलं.

"भरपूर आहेत, भाऊ. पण आत्ताच पुसून दिलीय, अजून ओले आहेत. ओल्यात सगळेच काळे दिसतात. सुकले की सांगते."

आज मंगळवार. अजून फोन आलेला नाही.